ऑक्टोबरात चालायला सुरुवात करताय? आधी वेळ आणि जागा ठरवा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. वय ५६, राहणं कोथरूडला. मधुमेह काही वर्षांपासून, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.४, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू. उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो. पावसाळ्यात चालणं पार बंद पडलं. शेजारच्या काकू म्हणतात, शरदात पहाटे पाच वाजता उपाशीपोटी टेकडीवर जा, त्यासारखं औषध नाही. मुलगा म्हणतो, बाहेर धूळ-धूर आहे, घरी ट्रेडमिल आणतो. तुम्हाला विचारायचंय की या दिवसांत बाहेर चालण्याचा खरंच काही वेगळा फायदा असतो का, आणि असेल तर किती चालायचं. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की नवरात्रात नऊ दिवस उपास आणि अनवाणी चालण्याचा नेम आहे, तो यातच धरला तर चालेल का.

मी पुण्यात फिजिशियन म्हणून काम करतो आणि माझे निम्म्याहून जास्त रुग्ण मधुमेहाचे आहेत. दर वर्षी पाऊस ओसरला की हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकतो. माझं मत असं की तुमचा खरा प्रश्न ‘किती’ हा नाहीच. आपल्याकडच्या शरदात चालण्याचा फायदा होणार की त्रास, हे तुम्ही कुठल्या वेळी आणि कुठल्या जागी चालता यावर बरंचसं ठरतं. अंतर हळूहळू वाढवता येतं. वेळ चुकली तर मात्र तीन आठवड्यांत चालणं बंद पडतं, किंवा माणूस आजारी पडून माझ्याकडे येतो. तुम्ही जाता जाता लिहिलेली नवरात्राची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिच्याकडे नीट येतोच.

आधी हे मान्य करूया की ‘शरद’ म्हणून आपण ज्याला एकच ऋतू समजतो, त्याचे पुण्यात दोन अगदी वेगळे तुकडे असतात. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मान्सून माघार घेतो. ढग जातात, ऊन थेट अंगावर येतं, जमिनीत मात्र ओल असते. त्यामुळे दुपारी पारा ३२-३३ च्या आसपासच असला तरी जीव नकोसा होतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. हीच आपली ऑक्टोबर हीट. मग दिवाळीच्या मागेपुढे हवा कोरडी होते आणि नोव्हेंबरच्या मध्याला पहाटे १४-१५ अंशांची गुलाबी थंडी पडते. पहिल्या तुकड्यात शत्रू ऊन, घाम आणि डास. दुसऱ्यात धूर आणि धूळ. दोन्हींसाठी एकच वेळापत्रक चालत नाही.

काकूंनी शरदाचा आणि जुन्या शहाणपणाचा दाखला दिलाय, तर त्याबद्दलही सांगतो. जुन्या वैद्यांचं एक सुभाषित आहे, ‘वैद्यानां शारदी माता’. शरद ऋतू वैद्याची आई, म्हणजे या दिवसांत त्याचं पोट भरतं, कारण रुग्ण वाढतात. आजही माझ्या ओपीडीत सप्टेंबर-ऑक्टोबरात डेंग्यू, ताप, जुलाब यांची गर्दी असते. आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत शरदासाठी कडक ऊन आणि दव टाळायला सांगितलंय, संध्याकाळी चांदण्यात बसायला सांगितलंय, आणि अर्ध्या शक्तीपर्यंतचा व्यायाम थंडीच्या आणि वसंताच्या दिवसांसाठी राखून बाकीच्या काळात तो सौम्यच ठेवायला सांगितलाय. मी आयुर्वेदाचा डॉक्टर नाही, पण हा सल्ला मला वेगळ्या वाटेने आलेल्या माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळताना दिसतो: ऑक्टोबरात बेतानं, नोव्हेंबरपासून जोर. पहाटे पाच वाजता दवात भिजत टेकडी चढण्याला परंपरेचा आधार शोधायचा तर तो निदान इथे सापडत नाही.

आता ट्रेडमिल की बाहेर. साखरेपुरतं बोलायचं तर स्नायूंना फरक कळत नाही. पायाचे मोठे स्नायू आकुंचन पावू लागले की ते रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतात. मधुमेहात इन्सुलिनचं दार घट्ट झालेलं असतं, चालण्याने बाजूचं दुसरं दार उघडतं. हे ट्रेडमिलवर होतं, गच्चीवर होतं, सोसायटीच्या आवारात होतं. म्हणून मुलगा ट्रेडमिल आणत असेल तर आणू द्या. पुढच्या जून-जुलैत ती तुमचं चालणं वाचवेल.

पण बाहेर चालण्यात तीन गोष्टी अशा आहेत ज्या घरात मिळत नाहीत.

पहिली, उजेड. घरातल्या दिव्यांचा प्रकाश साधारण शे-दोनशे, फार तर तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स मिळतात आणि स्वच्छ उन्हात त्याच्या कित्येक पट. आपल्या मेंदूतलं दिवस-रात्रीचं घड्याळ या उजेडावर लावलं जातं. सकाळी डोळ्यांना खरा उजेड मिळाला की रात्रीची झोप वेळेवर येते. पाळी गेल्यानंतरच्या वयात झोपेच्या तक्रारी फार असतात. तुम्ही लिहिलं नाहीये, पण तुमच्या वयाच्या बहुतेक ताया विचारल्यावर ‘तीनला जाग येते’ असं सांगतात. आणि झोप बिघडली की साखरही बिघडते. चार महिने ढगाखाली आणि घरात काढल्यानंतर ऑक्टोबरातला सकाळचा उजेड हे माझ्या दृष्टीने या ऋतूचं सगळ्यात मोठं देणं आहे. पहाटे पाचला काळोखात चालून परत आलात तर नेमकं हेच हातचं जातं.

दुसरी, जमीन. ट्रेडमिलचा पट्टा एकसारखा असतो. मातीची वाट तशी नसते. दगड, मुळं, थोडा चढ, थोडी घसरण या सगळ्यांना घोटा, मांडी, कंबर दर पावलाला उत्तर देत असतात, आणि त्यातून तोल सांभाळण्याची सवय टिकते. साठीनंतर पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं ही मोठी गोष्ट असते, म्हणून पन्नाशीत हा सराव हवा. (नुसत्या चालण्याने हाडांची घनता फारशी वाढत नाही, त्यासाठी वजन उचलण्याचे व्यायाम लागतात. हा गैरसमज फार पसरलेला आहे.)

तिसरी, मन. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, आठवड्याला निदान १२० मिनिटं झाडांच्या, मोकळ्या जागांच्या सहवासात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, कारण तब्येत बरी असलेलेच लोक बाहेर पडत असतील. पण माझ्या रुग्णांत मला हे स्पष्ट दिसतं की बाहेर चालणारे टिकून राहतात. ट्रेडमिलवर काही महिन्यांत टॉवेल आणि साड्या वाळायला लागतात. टेकडीवर जाणाऱ्याला मात्र आज सोनकी फुललीय का, गवत पिवळं पडलंय का हे बघायचं असतं, आणि चार ओळखीची माणसं वाट बघत असतात.

आता जागेबद्दल. मुलगा धुराबद्दल म्हणतो ते खरं आहे आणि त्याचं म्हणणं उडवून लावू नका. लंडनमध्ये इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी साठीच्या पुढच्या लोकांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालायला लावलं. त्यात निरोगी माणसं होती, हृदयाचे आणि फुफ्फुसाचे रुग्णही होते. बागेत चालल्यावर फुफ्फुसांचं काम सुधारलं, रक्तवाहिन्या सैल झाल्या. डिझेल बसगाड्यांच्या रस्त्यावर तेवढंच चालून हा फायदा बराचसा पुसला गेला. त्यामुळे कर्वे रस्त्याच्या किंवा पौड रस्त्याच्या कडेने भरभर चालणं मी तुम्हाला सुचवणार नाही. तिथून दोन गल्ल्या आत गेलात तरी फरक पडतो. थोरात उद्यान, सोसायट्यांमधले आतले रस्ते, आणि नंतर गुडघ्याने साथ दिली तर म्हातोबा टेकडीचा सपाट भाग, असा क्रम ठेवा. मुंबईकर, नाशिककर, नागपूरकर वाचत असतील तर त्यांनाही हाच नियम: मुख्य रस्ता सोडून आत, झाडं असतील तिकडे.

पहाटेच्या हवेत ‘ऑक्सिजन जास्त असतो’ हे तर सोडूनच द्या. हवेतला ऑक्सिजन दिवसभर २१ टक्क्यांच्या आसपासच असतो, आणि झाडं तो बनवायला लागतात ती उजाडल्यावर. उलट नोव्हेंबर ते जानेवारीत घडतं ते असं: रात्री आकाश निरभ्र असतं, जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते. वरची हवा तिच्यापेक्षा उबदार असल्यामुळे खालचा धूर वर जाऊ शकत नाही. गाड्यांचा धूर, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेला पाचोळा, शेकोट्या, रस्ते झाडताना उडालेली धूळ, हे सगळं पहाटे तुमच्या नाकाच्या उंचीवर असतं. ऊन वर आलं, जमीन तापली की ते विरतं. म्हणून थंडीत सूर्य उगवून थोडा वेळ गेल्यावर चालायला जा. दिवाळीचे तीन-चार दिवस तर सकाळी फटाक्यांचा धूर खाली साचलेला असतो. त्या दिवसांत घरात चालणं हाच शहाणपणा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अ‍ॅप मोबाईलवर ठेवा. हवेचा निर्देशांक १०० पर्यंत असेल तर खुशाल जा. १०० ते २०० असेल आणि दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर वेग कमी ठेवा. २०० च्या वर गेला की त्या दिवशी ट्रेडमिल.

दम्याच्या रुग्णांसाठी एक ओळ: पावसानंतर गवताचे परागकण आणि बुरशीचे बीजाणू हवेत भरपूर असतात, शिवाय ऑक्टोबरात सप्तपर्णी फुलते आणि तिच्या उग्र वासाने अनेकांचं डोकं चढतं, छाती भरते. इन्हेलर खिशात हवा आणि त्या झाडांची रांग टाळावी.

मग वेळ कोणती? ऑक्टोबरात पुण्यात सूर्य साधारण साडेसहाला उगवतो. साडेसहा ते साडेसात हा तुमचा तास. उजेड असतो, ऊन चटका देत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावणारा आहे, विशेषतः सकाळी लवकर आणि मावळतीच्या आधी, आणि बागेतल्या कुंड्यांत, फेकलेल्या करवंट्यांत त्याची पैदास होते. म्हणून पूर्ण बाह्या, पूर्ण पायघोळ कपडे, मोजे. टेकडीवर जाल तेव्हा मोजे उंच नकोत असं वाटेल, कारण वाळलेल्या गवताची कुसळं त्यांत घुसून टोचत राहतात. त्यावर उपाय एवढाच की वाटेच्या मधून चाला आणि घरी आल्यावर मोजा उलटा करून कुसळं काढा. मधुमेहात पायाला टोचलेलं कुसळ ही छोटी गोष्ट नसते. काळोखात टेकडी नकोच. गवतात घोणस असते, ती दिसत नाही. नोव्हेंबरात हीच वेळ सातच्या पुढे सरकवा, डिसेंबरात साडेसातच्या.

‘कोवळ्या उन्हात चालते, मग डी जीवनसत्त्व मिळतंच’ असंही बऱ्याच ताया सांगतात. नाही मिळत. त्वचेत डी तयार करणारे किरण सूर्य खाली असताना वातावरणातच गाळले जातात. साधी खूण अशी की तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान झाली की मगच ते किरण पुरेसे पोचायला लागतात. पुण्यात ऑक्टोबरच्या मध्यावर हे सकाळी दहाच्या सुमाराला होतं, डिसेंबरात तर सव्वाअकराच्या पुढे. ऑक्टोबरात दहाच्या उन्हात जोरात चालायचं कारण नाही. बाल्कनीत किंवा गच्चीत हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलात तरी चालतं. रक्ततपासणीत डी खूप कमी असेल तर गोळी घ्या, उन्हाच्या भरवशावर राहू नका.

तुमच्या साखरेसाठी सकाळच्या चालण्यापेक्षाही मला जास्त महत्त्वाची वाटते ती रात्रीची शतपावली. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये छापून आला. काही दिवस त्यांना रोज ३० मिनिटं कधीही चालायला सांगितलं, आणि काही दिवस प्रत्येक जेवणानंतर १०-१० मिनिटं. एकूण वेळ सारखाच. जेवणानंतर चालण्याच्या दिवसांत जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. आपल्या घरांत रात्रीचं जेवण जड असतं आणि त्यानंतर माणूस थेट टीव्हीसमोर बसतो. म्हणून आपल्याला हा उपाय जास्त लागू पडतो असं मला वाटतं. आपल्या आजी-पणजींची शतपावली हेच करत होती. फक्त शंभर पावलांवर थांबू नका. हात धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत उठा आणि पंधरा मिनिटं सावकाश, गप्पा मारत सोसायटीच्या आवारात फिरा. ऑक्टोबरातल्या रात्री गार असतात, कोजागरीच्या आसपास तर चांदणंही असतं. यजमानांनाही बरोबर घ्या.

आता ‘किती’. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं मार्गदर्शन आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम असं आहे. आपल्याकडच्या तज्ज्ञांनी भारतीयांसाठी रोज एकूण तासभराची हालचाल सुचवली आहे, कारण आपली शरीरं कमी वजनातच मधुमेहाला बळी पडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि त्या सहकाऱ्याच्या शरीरात ९.१ टक्के. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतोय, कारण सहा आठवडे चालल्यावर तुम्ही काट्यावर उभ्या राहाल, वजन जेमतेम किलोभर हललेलं दिसेल आणि तुम्ही हिरमुसाल. चालण्याने वजन फार उतरत नाही. साठ-सत्तर किलोच्या माणसाला एक बेसनाचा लाडू जिरवायला तीन-चार किलोमीटर चालावं लागतं, आणि दिवाळीत कोणी एकच लाडू खात नाही. पण वजन न हलताही स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागतात, कंबरेचा घेर थोडा उतरतो, साखर सुधारते. यश मोजायचं ते जेवणानंतरच्या साखरेवर आणि साडीच्या परकराच्या नाडीवर.

दहा हजार पावलांचा आग्रहही धरू नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रुळला. २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीच्या पुढच्यांना ६,००० ते ८,००० पावलांपर्यंत बहुतेक फायदा मिळालेला दिसला, साठीच्या आतल्यांना ८,००० ते १०,००० पर्यंत. तुम्ही आज बहुधा तीन-साडेतीन हजारांवर असाल. तिथून पाच हजारांवर येणं हे आठ हजारांवरून दहा हजारांवर जाण्यापेक्षा तब्येतीला कितीतरी जास्त देऊन जातं.

मी तुम्हाला असं सुचवेन. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे सकाळी सपाटीवर वीस मिनिटं आणि रात्री शतपावली, बस. वेग एवढाच की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. मिनिटाला शंभर पावलं म्हणजे साधारण हाच वेग. दिवाळी आटोपली की सकाळचा वेळ पस्तीस-चाळीस मिनिटांवर न्या. थंडी नीट स्थिरावल्यावर तीन मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश असं आलटून-पालटून चाला. जपानच्या शिन्शू विद्यापीठातल्या अभ्यासांत मध्यम वयाच्या आणि वयस्कर लोकांची मांड्यांची ताकद आणि दम या पद्धतीने एकसारख्या वेगाच्या चालण्यापेक्षा जास्त वाढला. तुमच्या गुडघ्याचा दुखावा उतरतानाच होतो, म्हणजे वाटीमागच्या सांध्यावर ताण येतोय. टेकडीवर चढणं तुम्हाला झेपेल, उतरणं त्रास देईल. म्हणून आधी मांडीचे स्नायू तयार करा: खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा. टेकडीवर जाल तेव्हा उतरताना कमी उताराची वाट घ्या, हातात काठी ठेवा. चालल्यावर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबलं तर चालत राहा. सूज आली किंवा दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर अंतर निम्म्यावर आणा.

सवय टिकवण्याबद्दल एकच सांगतो. माझ्या रुग्णांत कार्तिकात रोज पहाटे काकड्याला देवळात चालत जाणाऱ्या बायका आहेत. त्यांना कोणी व्यायाम सांगितलेला नसतो, तरी महिनाभर त्यांचा एक दिवस चुकत नाही, कारण वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि न आलात तर विचारणारं कोणीतरी असतं. तुम्हीही काकूंना बरोबर घ्या, फक्त त्यांना पाचऐवजी साडेसहाला यायला पटवा. टेकडी उतरल्यावर इडली-वडा आणि दोन साखरेचा चहा हा जो पुण्याचा रिवाज आहे, त्यात मात्र सामील होऊ नका. तुमच्या वीस मिनिटांचा हिशोब त्यात पुसला जातो.

आता नवरात्र. अनवाणी चालण्याला माझा स्पष्ट नकार आहे. मधुमेहात तळव्यांची संवेदना हळूहळू आणि नकळत कमी होते. ‘मला सगळं कळतं’ असं सांगणाऱ्यांच्या पायाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवून तपासतो तेव्हा दहापैकी चार जागी त्यांना काहीच कळत नाही. एका मावशींचा पाय अजून डोळ्यांपुढे आहे. ऑक्टोबरात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली होती. दोन्ही टाचांवर लिंबाएवढे फोड, एक फुटलेला, त्यात माती गेलेली. त्यांना काही दुखत नव्हतं. घरात फरशीवर ओले डाग दिसले ते सुनेला. जखम भरायला महिने गेले. देवीला नेम पोचवायचा तर देवळाच्या दारापर्यंत चप्पल घाला, आत सकाळी लवकर जा, बाहेर आल्यावर तळवे बघा. बऱ्याच जणी माझं ऐकून अनवाणी चालण्याऐवजी दुसरा नेम धरतात, कोणी रोज एक पाठ म्हणतं, कोणी अन्नदान करतं. घरातसुद्धा एमसीआरची, म्हणजे मऊ स्पंजी रबराच्या तळाची चप्पल हवी. चालायचे बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना विकत घ्या आणि रोज घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा-कुसळ आहे का पाहा.

उपासाचा प्रश्न याहून नाजूक आहे. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार उतरत नाही, पण ग्लिमेपिराइड पोटात काही नसलं तरी इन्सुलिन काढतच राहतं. गोळी घेतली, खाणं टाळलं आणि वर चालायला गेलात तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. लक्षणं म्हणजे घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. ऑक्टोबरात हा घाम उकाड्याचा समजून लोक तसेच पुढे चालत राहतात, हे मी वारंवार पाहिलंय. त्यामुळे सकाळची ग्लिमेपिराइड चालून आल्यावर, नाश्त्याच्या आधी घ्या. चालायला जाताना खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी ठेवा. शंका आली की थांबा, बसा, तीन चमचे तोंडात टाका, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, आणि त्यानंतर काहीतरी खा. नवरात्रातल्या उपासात डोस कमी करायचा का, बंद ठेवायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना घटस्थापनेच्या आधीच विचारा. मी इथून ठरवणं योग्य नाही, कारण तुमची किडनीची तपासणी आणि बाकीची औषधं मला माहीत नाहीत. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, या उकाड्यात पाणी कमी पडून चक्कर येते.

चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, किंवा नेहमीच्याच अंतराला नव्याने लागणारी धाप, यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशीचं चालणं तिथेच थांबवा आणि थेट दवाखाना गाठा, घरी जाऊन सोडा पिऊन बघू नका. सुरू करण्यापूर्वी एक ईसीजी आणि पायांची तपासणी करून घ्या.

आणि एक विनंती. सुरू करण्याआधी तीन दिवस रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांची साखर ग्लुकोमीटरवर मोजून लिहून ठेवा. मग शतपावली सुरू केल्यावर पुन्हा तीन दिवस, जेवण शक्यतो तसंच ठेवून. दोन्ही आकडे इथे लिहा. फरक किती पडला ते बघून सकाळचं चालणं केव्हा आणि किती वाढवायचं ते सांगतो.